सही शुक्रवारी नको

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर (कंपनीच्या नोकरीवर टिकणारा कामाचा व्हिसा) आहे, वय ४३. सोमवारी पंधरा मिनिटांच्या कॉलवर मला आणि टीममधल्या आणखी दहा जणांना कमी केलं. कारण विचारलं तर ‘अ‍ॅट-विल’ एवढंच उत्तर. दोन महिन्यांच्या पगाराचं पत्र आलंय, शुक्रवारपर्यंत सही हवीय म्हणतात. करू का?

उत्तर : शुक्रवारी करू नका.

माँटाना राज्य सोडलं तर अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या अशाच ‘अ‍ॅट-विल’, म्हणजे मालकाच्या मर्जीच्या असतात. मालकाला कारण द्यावं लागत नाही. पण बेकायदा कारण मात्र चालत नाही : वंश, धर्म, लिंग, मूळ देश, अपंगत्व आणि चाळिशी गाठली की वयसुद्धा.

म्हणून तुमचे ४३ महत्त्वाचे. सही करून तुम्ही वयाच्या भेदभावाचा दावा सोडणार असाल, तर १९९० च्या कायद्याप्रमाणे एका वेळी अनेकांना काढताना विचाराला ४५ दिवस आणि सहीनंतर ती मागे घ्यायला ७ दिवस द्यावेच लागतात. पत्राच्या शेवटी एक तक्ताही हवा. त्यात नावं नसतात. हुद्दे आणि वयं असतात, कोणाला काढलं आणि कोणाला ठेवलं. पेन्सिल घेऊन बसा. काढलेल्यांत सगळे चाळिशीपुढचे आणि ठेवलेले तिशीतले दिसले, तर तो कागद घेऊन थेट कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. तक्ताच नसेल, तर वयाच्या दाव्यापुरती ती सही टिकत नाही.

२००९ मध्ये माझ्या नवऱ्याने नोकरी गेली त्याच रात्री सही केली होती. ओट्यावर कणीक तशीच राहिली, आणि सोळा पानांतलं एकही आम्ही वाचलं नाही. अजून सल आहे तो. तुम्ही केलेल्या कामाचा पगार सहीवर अडत नाही, हेसुद्धा तेव्हा कोणी सांगितलं नाही.

व्हिसाचं घड्याळ मात्र थांबत नाही. कामाच्या शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस इथे राहता येतं, आणि आय-९४ (अमेरिकेत राहण्याची मुदत लिहिलेली प्रवेशाची नोंद) आधी संपत असेल तर त्याहून कमी. पत्रातल्या दोन महिन्यांच्या पगाराने ही मुदत वाढत नाही. तेवढ्यात नव्या कंपनीने तुमच्यासाठी केलेला व्हिसाचा अर्ज दाखल व्हायला हवा, म्हणून आजपासून शोधाला लागा. परतायची वेळ आलीच, तर तुमच्या तिकिटाचा वाजवी खर्च कंपनीकडे लागतो, बायकोमुलांचा नाही. तो ईमेलने मागा.