बायबलमधली स्तोत्रं वाचायला घेतोयस ना?
अरे, 150 स्तोत्रं पहिल्यापासून ओळीने संपवायला जाऊ नकोस. 119व्याला 176 वचनं आहेत, तिथेच दम लागेल. आधी 117वं घे. दोनच वचनं, चहा उकळेपर्यंत पाठ होतात. मग 136वं, पण घरच्यांबरोबर. एकाने अर्धी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद धरायचं, 26 वेळा. आमची धाकटी दहाव्यालाच पेंगते, चालायचंच!

मन जड असेल त्या दिवशी मात्र ओढूनताणून स्तुती नको. 13वं काढ. सुरुवातच ‘कोठवर?’ अशा तक्रारीने होते, गाणं येतं ते थेट सहाव्या वचनात. 88व्यात तर शेवटपर्यंत अंधारच आहे. तेही मोठ्याने वाच.