आरसी (रिमोटनं उडणारं) विमान तीनदा आपटलं. सगळे म्हणतात सिग्नल गेला. नवा रेडिओ घेऊ का?

मैदानावर 'सिग्नल गेला' ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुम्हीच लिहिलंय: तिन्ही वेळा उतरायला वळताना, थ्रॉटल कमी असताना, डावा पंख अचानक खाली गेला आणि विमान गिरक्या घेत घुसलं. सिग्नल असा जागा ठरवून जात नाही. हा स्टॉल आहे, म्हणजे पंखाची उचल एकदम जाणं.

उंची न सोडता 60 अंश कलून वळलं की पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग 1.4 पट होतो. सरळ उडताना ताशी 25 किलोमीटरला स्टॉल होणारं विमान तिथं 35लाच पडतं. पंख पडला की हात उलट्या एलेरॉनकडे (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपेकडे) जातो. त्यानं पडलेल्या पंखाचा एलेरॉन खाली येतो आणि स्टॉल आणखी वाढतो. आधी एलेरॉन मध्यावर आणा, ओढलेला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) सोडा, थ्रॉटल द्या, मग रडरनं (शेपटीच्या उभ्या सुकाणूनं) सरळ करा. दहा मीटरवर एवढं जमायला उंचीच नसते. म्हणून शेवटचं वळण उंचावर, मोठं आणि नाक जरा खाली ठेवून घ्या.

पण दुसऱ्या आणि तिसऱ्या अपघाताचं मूळ मला पहिल्यानंतरच्या दुरुस्तीत दिसतं. शेपटी हॉट ग्लूनं जोडलीत ना? शेपटी सीजीपासून (विमान तोललं जातं त्या बिंदूपासून) नाकाच्या तिप्पट लांब असेल तर तिथल्या 10 ग्रॅम गोंदाला नाकात 30 ग्रॅम वजन लागतं. ते न घातल्यानं सीजी मागे सरकतो, एलिव्हेटर तिखट होतो, जरा ओढला की स्टॉल. पंखाची रुंदी 20 सेंटीमीटर असेल तर पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटीमीटरवर, बॅटरी बसवून, दोन बोटांवर तोलून बघा. जोडकामानंतर दर वेळी. 'पूर्वी नीट उडत होतं' याला काही अर्थ नाही, ते विमान आता राहिलेलंच नाही.

आपटल्यावर पहिल्यांदा लिपो बॅटरी काढा. फुगली किंवा चेपली असेल तर गाडीत नको, उघड्यावर वाळूत ठेवा. मग तुकडे हलवण्याआधी फोटो काढा, आणि कुठला पुशरॉड (झडप ढकलणारी तार) सुटलाय, कुठल्या सर्वोचे (ती तार हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात गेलेत ते पाहा.

हो, सगळे सर्वो एकदम थिजले असतील तर गोष्ट वेगळी. तरीही मी आधी बीईसीवरच, म्हणजे बॅटरीतून रिसीव्हर आणि सर्वोंना वीज देणाऱ्या भागावरच, संशय घेईन. प्रॉप काढून सगळ्या स्टिक एकदम हलवा आणि रिसीव्हरवर मीटर लावा. 5 व्होल्टचे 4.5च्या खाली जात असतील तर बीईसी बदला. रेंज टेस्ट आणि फेलसेफही (सिग्नल गेल्यावर विमानानं आपोआप काय करायचं ती सेटिंग) तेव्हाच तपासून घ्या.