रत्नागिरीच्या उकाड्यात एअर कूलरवर रायझन ५ ५६००एक्स ओव्हरक्लॉक करावा का?

करता येईल, म्हणजे संगणकाचा हा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येईल, पण आधी खोलीचं तापमान बघा. एअर कूलर (प्रोसेसरवर बसणारा पंखा आणि धातूच्या पात्या) कितीही मोठा बसवा, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत ८२ च्या आसपास जाणारच. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ आहे. मी स्वतः ८५ च्या वर जाऊ देत नाही. म्हणून टेस्ट घ्यायची तर मे महिन्यातल्या दुपारी घ्या, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं चाचणी सॉफ्टवेअर) अर्धा तास चालवून.

व्होल्टेज मात्र जपून. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२५ वरून १.३५ व्होल्ट केलं की त्याच क्लॉकलाही, म्हणजे त्याच वेगालाही, सुमारे १७ टक्के जास्त उष्णता! त्यापेक्षा बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक वेगाला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग, निगेटिव्ह १० ठेवून सुरुवात करा. व्होल्टेज उतरतं, आणि प्रोसेसर आपणहून जास्त बूस्ट (आपोआप वाढवलेला वेग) टिकवतो. आपल्याकडे मला हाच मार्ग पटतो.

आणि खारा वारा विसरू नका. माझं घर मिऱ्याला, समुद्राच्या अगदी जवळ. गेल्या गणपतीत कूलर उघडला तर पात्यांवर चिकट करडा थर, नुसत्या ब्रशने निघेना, स्क्रूंना गंज. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून साफ केला, नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट) भरली, ७ अंश उतरले. पावसाळा संपला की हे दरवर्षी कराच.