"मॅडम, ही भीती कायमची जाईल ना?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकायला मिळतो. कुणाला लिफ्टची भीती, कुणाला चारचौघांत बोलायची, कुणाला नुसतं घरात एकटं राहायची, पण प्रश्न हाच. मी "हो" म्हणावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते आणि मी ते म्हणत नाही.

मागे एक गृहस्थ आले होते, चाळिशीचे (तपशील बदललेत). लिफ्टमध्ये एकदा अचानक छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरेना, आता मी मरतोय असंच वाटलं त्यांना. तपासण्या सगळ्या नॉर्मल, डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक. (असं काही झालं तर आधी डॉक्टरकडेच जायचं, माझ्याकडे नंतर.) मग आधी लिफ्ट सुटली, मग गर्दी सुटली, मीटिंगला दाराजवळचीच खुर्ची, बॅगेत पाण्याची बाटली, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की बायको फोनवर.

"एवढी काळजी घेतो तरी वाढतेच आहे हो."

"काळजी घेता म्हणूनच वाढतेय," मी म्हटलं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

पण पळालं की लगेच हायसं वाटतं ना, तिथेच गोम आहे. मेंदू हिशोब मांडतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी तो आधीच घंटा वाजवतो. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांना स्वतःला धडधडीचा त्रास होता, त्यांनी हे फार सोपं करून सांगितलंय. पहिली भीती आपोआप येते, तिच्यावर आपला ताबा नाही. "अरे बापरे, परत सुरू झालं!" ही दुसरी भीती, ती आपण घालतो. मी आजही सगळ्यात जास्त वीक्सबाईंनाच मानते.

चौथ्या की पाचव्या सेशनला लिफ्टबद्दल बोलताबोलताच त्या गृहस्थांना सुरू झालं. घाम फुटला, ते उठायला लागले.

"दार उघडंच आहे, पण आज एकदा बसून बघा. भीती दहापैकी किती?"

"आठ."

"बरं. घालवायची नाहीये. कुठे काय होतंय तेवढंच सांगा."

"छातीत... बोटांना मुंग्या... नऊ!"

त्या क्षणी माझ्या अगदी ओठावर आलं होतं, दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या. पण तसं म्हटलं असतं तर मीच त्यांना सांगितलं असतं की ही गोष्ट धोक्याची आहे, हिला हाकला. मी गप्प बसले. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी कमावलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली विचाराल तर हे गप्प बसणं. बराच वेळ नऊच होते, मग सात, मग परत आठ, आणि पंधरावीस मिनिटांनी चार.

"पण मी तर काहीच केलं नाही," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. तीन वर्षं तो माणूस सतत काहीतरी करत होता हो, भीती येऊ नये म्हणून!

तुम्हीही करणार असाल तर एकदम मोठी उडी नको. त्यांनी एक मजला लिफ्टने, तोच रोज, धडधड असतानाच, असं सुरू केलं. आज भीती आली का हे मोजायचं नाही, आली तेव्हा मी थांबलो का एवढंच बघायचं. मधेच पळून आलात तरी चालेल, उद्या परत जायचं.

परवा त्यांचा मेसेज आला, "आठव्या मजल्यापर्यंत गेलो, सहा होती, फोन नाही लावला." पाण्याची बाटली अजून बॅगेत असते, तिच्यावर पुढच्या सेशनला बोलणार आहोत.