वाचकांचे प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट आणि प्रेक्षकांचा राग

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका मी आणि माझ्या मुलाने गेल्या पावसाळ्यात सलग पाहिली. आम्हाला आठवा सीझन इतका वाईट वाटला नाही. मुलगा मात्र सांगतो की, तो सीझन दुसऱ्या लेखकांकडून लिहून घेऊन पुन्हा तयार करावा, अशा मागणीच्या अर्जावर १५ लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या. एका कल्पित राज्यासाठी माणसांनी इतके चिडावे, हे मला पटत नाही. याला प्रेक्षकांचा हट्ट म्हणायचे की हक्क?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण मालिका सलग पाहिलीत, याला इथे फार महत्त्व आहे. ज्यांनी ती एप्रिल २०११ पासून मे २०१९ पर्यंत आठवड्याला एक भाग अशी पाहिली, त्यांचा मालिकेतला खरा वेळ दोन भागांच्या मधल्या दिवसांत गेला. सातवा आणि आठवा सीझन यांच्यामध्ये तर दीड वर्षाहून अधिक काळ लोटला. या काळात माणसे जुने भाग पुन्हा पाहत होती, कोणी कोणाला कधी काय शब्द दिला होता हे ताडून पाहत होती. शेवटचा सीझन आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे अमेरिकेबरोबरच दिसत असे, आणि त्या सहाही सोमवारी मी सकाळचा चहा पडद्यासमोर बसूनच घेतला.

ही ताडून पाहण्याची सवय प्रेक्षकांना मालिकेनेच लावली होती. तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागातले ‘रेड वेडिंग’ आठवून पाहा. फ्रे घराण्याच्या किल्ल्यात लग्नाची मेजवानी चालू असते, दालनाचे दार बंद केले जाते, वादक स्टार्कांचे वैरी असलेल्या लॅनिस्टर घराण्याचे गाणे वाजवू लागतात आणि कॅटलिन स्टार्कचे लक्ष शेजारी बसलेल्या, त्यांच्याच बाजूच्या सरदार रूस बोल्टनच्या बाहीकडे जाते, तर कापडाखाली लोखंडी कड्यांचे चिलखत असते. पुढे जी कत्तल होते तिची सुरुवात पहिल्या सीझनच्या नवव्या भागात झालेली आहे. नदीवरचा पूल ओलांडू द्यावा म्हणून कॅटलिनचा मुलगा रॉब याच्या वतीने फ्रे घराण्याला लग्नाचे वचन दिले गेले, आणि दुसऱ्या सीझनमध्ये त्याने ते मोडले. त्या घरात पाहुण्यांना आधी मीठ-भाकर देऊन अभय दिलेले असते. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो. तिथे मीठ खाऊ घालणाऱ्यानेच घात केला. प्रेक्षक हादरले, रडले, काहींनी मालिका सोडण्याची शपथ घेतली, पण ‘हे असे कसे झाले?’ असे फारसे कोणी विचारले नाही, कारण त्याचे उत्तर आधीच्या भागांत सापडत होते.

आता आठव्या सीझनच्या पाचव्या भागाकडे या. राजधानी शरण आल्याच्या घंटा वाजतात, सिंहासनावर हक्क सांगत आलेल्या, ड्रॅगनवर बसलेल्या डेनेरिसचा चेहरा आपल्याला जवळून दिसतो, आणि पुढच्या काही क्षणांत ती जिंकलेले शहर जाळू लागते. तिच्यातला क्रूरपणा आधी दिसलाच नव्हता, असे म्हणणे खरे नाही. मीरीन शहरात तिने १६३ धनी लोकांना खांबांवर खिळले होते, सातव्या सीझनमध्ये तिच्यापुढे मान तुकवायला नकार देणाऱ्या टार्ली पितापुत्रांना जिवंत जाळले होते. परंतु तोपर्यंत तिची आग तिला आडवे जाणाऱ्यांवर पडत होती. शरण आलेल्या शहरातल्या बायकामुलांवर ती वळण्यासाठी मनात जे घडावे लागते, त्याला कथेने पुरेसा वेळच दिला नाही. पहिले सहा सीझन प्रत्येकी १० भागांचे होते. सातवा ७ भागांचा झाला आणि आठवा ६ भागांचा. वाहिनीची आणखी भाग करण्याची तयारी होती, पण बेनिऑफ आणि वाइस या निर्मात्यांनी कथा ७३ भागांत संपवायचे ठरवले. घाई प्रवासातही दिसते. एकेकाळी राजाचा लवाजमा उत्तरेला पोहोचायला महिना लागत असे. सातव्या सीझनमध्ये उत्तर सीमेवरच्या भिंतीपलीकडून निरोप जातो काय, आणि समुद्राकाठच्या किल्ल्यावरून ड्रॅगन लगेच मदतीला येतात काय! त्या भागाचे दिग्दर्शक ॲलन टेलर यांनीही तिथे विश्वसनीयतेला ताण पडल्याचे नंतर मान्य केले.

म्हणून प्रेक्षकांचा राग मला रास्त वाटतो. डेनेरिसचा अंत असाच व्हावा, याला माझी हरकत नाही; माझ्या मते तो या कथेचा सर्वांत धाडसी भाग आहे. त्याच्याकडे नेणाऱ्या पायऱ्या गाळल्या गेल्या, ही तक्रार आहे आणि ती नेमकी आहे. सह्यांच्या अर्जातली मागणी मात्र मला मान्य नाही. त्याच सीझनच्या तिसऱ्या भागातल्या लढाईसाठी कलाकार आणि तंत्रज्ञांनी ५५ रात्री उघड्यावर चित्रीकरण केले. (तो भाग इतका अंधारा होता की अनेकांना पडद्यावर काही दिसेना, ही तक्रारही खरीच.) सान्साची भूमिका करणाऱ्या सोफी टर्नर यांनी हा अर्ज म्हणजे काम करणाऱ्यांचा अनादर आहे, असे म्हटले होते, आणि त्यात तथ्य आहे. कथा कुठे फसली हे सांगण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. ती आपल्या मापाने पुन्हा शिवून मागण्याचा नाही.

प्रश्न : मी तिसऱ्या सीझनपर्यंत पोहोचण्याआधीच कार्यालयातल्या सहकाऱ्याने मला रेड वेडिंगची गोष्ट सांगून टाकली. मी रागावले तर तो म्हणाला, एवढे काय त्यात, पुस्तकात सगळे छापलेलेच आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुस्तकात ते छापलेले होते, हे खरे; जॉर्ज मार्टिन यांच्या ग्रंथमालेतले ते तिसरे पुस्तक २००० मध्ये आले. पण त्याच पुस्तकाचे वाचक कसे वागले, हे आपल्या सहकाऱ्याला जरूर सांगा. तो भाग २ जून २०१३ रोजी दाखवला जाईपर्यंत त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी घरच्यांपुढे आणि मित्रांपुढे तोंड उघडले नाही. त्या रात्री ते मुकाट्याने शेजारी बसले आणि पडद्याऐवजी मित्रांचे चेहरे त्यांनी चित्रित केले. हात तोंडावर गेलेली, सोफ्यावरून उठून उभी राहिलेली ती माणसे मी पाहिली आहेत, आणि मला त्यात गुपित सांभाळणाऱ्याचे प्रेम दिसते. उलट २०१७ च्या ऑगस्टमध्ये सातव्या सीझनचा चौथा भाग प्रसारणापूर्वीच फुटला तेव्हा मुंबईत चौघांना अटक झाली होती. आपल्या सहकाऱ्याने गुन्हा केला नाही, पण आपला एक अनुभव कायमचा गेला. आपण रागावलात ते योग्यच केलेत.

प्रश्न : शेवटावर रुसून बसलेल्याने ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही पूर्वकथेची मालिका पाहावी का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : जरूर पाहावी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिचा पहिला भाग अमेरिकेत पहिल्याच रात्री सुमारे एक कोटी लोकांनी पाहिला, तेव्हा रुसलेले बरेच जण आपल्याआधीच परतले आहेत. ही कथा डेनेरिसच्या जन्माच्या १७२ वर्षे आधी सुरू होते आणि तिचा आधार असलेले पुस्तक २०१८ मध्येच पूर्ण छापून आले आहे. पहिली मालिका संपली तोवर मूळ ग्रंथमालेचे सहावे पुस्तक आलेले नव्हते. लेखकाने तोंडी सांगितलेल्या ढोबळ शेवटापर्यंतची वाट निर्मात्यांना स्वतःच काढावी लागली. इथे ती अडचण नाही. पहिला भाग पाहताना राणी एम्माच्या बाळंतपणाचा प्रसंग आणि बाहेर चाललेली योद्ध्यांच्या द्वंद्वांची स्पर्धा यांची जोडणी लक्षपूर्वक पाहा. तो प्रसंग सोसायला कठीण आहे, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर ती झोपल्यावर पाहावा.