पोटात लपवून आणलेली ड्रग्जची पुडी फुटली तर माणूस वाचतो का?

हेरॉइनला उतारा आहे, कोकेनला नाही. निम्मं उत्तर इथेच आलं. हेरॉइन फुटलं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो. नालोक्सोन, म्हणजे हाच तो उतारा, वेळेत सुरू झालं तर माणूस वाचतो. कोकेनमध्ये बाहुल्या मोठ्या, नाडी-बीपी भडकलेलं, ताप, झटके. मग तातडीने पोट उघडून उरलेला माल काढायचा, आणि तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

मी पुण्यात सर्जरी वॉर्डला सिस्टर होते. कस्टम्सवाले मॅजिस्ट्रेटचा आदेश घेऊन एका मुलाला आमच्याकडे घेऊन आले. कोकेनच्या पुड्या गिळलेल्या, पण त्रास काहीच नाही. अशा वेळी चिरफाड करत नाहीत. दुर्बीण घालून ओढायलाही सहसा जात नाहीत, पुडी फाटायची भीती. पेगलेकचं, म्हणजे आतडी धुऊन काढणाऱ्या औषधाचं पाणी पाजायचं आणि वाट बघायची. प्रत्येक वेळी शौचाचं भांडं मीच काढायचे. ग्लोव्हजवर ग्लोव्हज चढवून एकेक पुडी धुवायची, ट्रेमध्ये मांडायची, रजिस्टरला नोंद, अधिकाऱ्याची सही.

शेवटी एक्स-रे साफ आला. डॉक्टर म्हणाले, सोडा. माझ्या मोजणीत मात्र, त्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक कमी. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तो खोटं बोलतोय." अहो, खोटं बोलायचं तर कमी सांगेल, जास्त कशाला सांगेल? मी फाइल हातची सोडली नाही. सीटी झाला, तर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच एक पुडी अडकलेली. अशी पुडी बहुधा 8-10 ग्रॅमची असते. त्यातला थोडा भागही जीव घ्यायला पुरतो.

ऑपरेशनमध्ये आमचा मॉपचा, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्यांचा आकडा जुळल्याशिवाय भलेभले सर्जन पोट शिवत नाहीत. मग वॉर्डात बेडपॅनवर मोजलेला आकडा खोटा कसा? त्या डॉक्टरांनी याचं उत्तर मला आजवर दिलेलं नाही. नर्सची मोजणी जुळेपर्यंत डिस्चार्ज नाही, असा लेखी नियमच हवा.

हो, सगळ्यांच्या पुड्या फुटत नाहीत. काहींच्या आतड्यात अडकून बसतात. 1973 साली कॅनडातून आलेली पहिली नोंद आतडं तुंबल्याचीच होती. पोलीस दिसले म्हणून घाईत गिळणाऱ्यांचं पॅकिंग कच्चं असतं, ते लवकर फुटतं. कुणाच्या बाबतीत असं घडलंच तर घरी उलटी काढू नका, एरंडेल किंवा पॅराफिन पाजू नका, तेलाने पुडीवरचं रबर विरतं. थेट कॅज्युअल्टीला न्या आणि काय गिळलं, किती गिळलं ते ड्यूटीवरच्या सिस्टरला खरं सांगा.