कोविड, फ्लू आणि छेदातला घोळ

प्रश्न (गणित शिक्षक, डिचोली): २०१९ साली देशात स्वाइन फ्लूचे २८,७९८ रुग्ण, १,२१८ मृत्यू. म्हणजे ४.२ टक्के. कोविडचे साडेचार कोटी रुग्ण, ५.३३ लाख मृत्यू. म्हणजे १.२ टक्के. मग फ्लूच जास्त जीवघेणा ठरतो ना?

उत्तर: भागाकार बिनचूक आहे, सर. घोळ छेदात आहे. स्वाइन फ्लूच्या सरकारी नियमावलीत रुग्णांचे तीन गट आहेत. साधा ताप-खोकला असेल तर अ गट. चाचणी नाही, घरी विश्रांती. ताप जास्त किंवा जोडीला जुना आजार असेल तर ब गट. गरजेनुसार टॅमीफ्लू हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध, पण चाचणी इथेही नाही. धाप लागली, रक्तदाब उतरला, नखे निळी पडली की क गट, आणि स्वॅब जातो तो यांचा. म्हणजे ते २८,७९८ बहुतांशी इस्पितळाची पायरी चढलेले लोक. ऑगस्टमध्ये तुमच्या वर्गातली चार बाके तापामुळे रिकामी असतात, त्यातले एकही पोर या आकड्यात सापडायचे नाही.

कोविडमध्ये उलटे झाले. शिंकही न आलेल्यांचे, केवळ संपर्कात आलेल्यांचे स्वॅब घेतले गेले. छेद मोठा झाला, टक्का खाली आला. अमेरिकेत लक्षणे असलेल्या सगळ्यांचा अंदाज बांधून हिशेब करतात. तिथे मोसमी फ्लूचा मृत्युदर हजारी एकाच्या आसपास येतो.

प्रश्न (फोंडा): वडिलांना मधुमेह होता, तरी दाखल्यावर कोविड लिहिले. आकडा असाच फुगवला का?

उत्तर: नाही. फॉर्म ४च्या, म्हणजे डॉक्टर मृत्यूचे कारण लिहितात त्या प्रमाणपत्राच्या, पहिल्या भागात कारणांची साखळी असते: वर श्वसन निकामी होणे, त्याखाली न्यूमोनिया, तळाला कोविड. आकडेवारीत धरतात ते तळाचे कारण. मधुमेह दुसऱ्या भागात, हातभार लावणारा म्हणून. फ्लूलाही नियम हाच. पण चाचणीच झाली नसेल तर साखळी न्यूमोनियापाशी तुटते आणि फ्लू नामानिराळा राहतो. फुगवण्यापेक्षा मला ही गळतीच मोठी वाटते.

प्रश्न (मडगाव): लोकसंख्येच्या मानाने गोव्यातले कोविड मृत्यू देशाच्या जवळजवळ सात पट दिसतात. आपण इतके वाईट होतो?

उत्तर: मे २०२१ वाईटच होता. चाचणी केलेल्यांतला जवळपास दर दुसरा माणूस पॉझिटिव्ह, गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या) प्राणवायूचा प्रश्न थेट उच्च न्यायालयात. त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण सात पट हा आकडा नोंदींतला आहे. २०२० मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेले वैद्यकीय कारण लागले होते. गोव्यात १०० टक्क्यांना. २०२१ अखेरपर्यंत देशाचा अधिकृत कोविड आकडा ४.८१ लाख होता, जागतिक आरोग्य संघटनेचा जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्यापेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा, अंदाज ४७ लाख. केंद्राने ती पद्धत अमान्य केली. वाद राहू दे, पण जिथे कारणच लिहिले जात नाही, त्या राज्याशी गोव्याची तुलना कशी करणार?

प्रश्न (म्हापसा): आता तरी दोन्ही सारखेच ना?

उत्तर: जवळ आलेत, सारखे नाहीत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत २०२२-२३च्या हिवाळ्यात दाखल झालेल्यांपैकी ३० दिवसांत कोविडचे ५.९७ टक्के दगावले, फ्लूचे ३.७५. २०२० मध्ये कोविडचा हाच टक्का १७च्या वर होता. हे रुग्ण बहुतेक वयस्क पुरुष आणि सगळे दाखल झालेले, तेव्हा घरी पॅरासिटामॉल घेऊन पडलेल्या तिशीतल्या मुलाला ही टक्केवारी लावू नका.